कथलाचा आवाज

१४ जून २००८, शनिवार. प्लेनो, टेक्सास

कांचन, आधी चष्मा शोध. डोक्यावर आहे. तिथे नसेल तर फ्रिजमध्ये बघ, मागच्या दिवाळीत लोण्याशेजारी सापडला होता. सापडला की मग वाच, आणि पान उलटताना आधीचं विसरू नकोस. मी काही दोनदा सांगणार नाही.

मी बोलते आणि गिरिजा लिहिते. गिरिजा म्हणजे वरच्या खोलीत भाड्याने राहणारी मुलगी, नागपूरची, इथल्या युनिव्हर्सिटीत शिकते. मला अक्षर येत नाही हे तिला पहिल्याच दिवशी कळलं, मी शाम्पूने भांडी घासत होते तेव्हा. ती म्हणाली, आजी, तुम्ही दिवसभर बोलता, ते कुठेतरी ठेवू या. मी म्हटलं, ठेव, पण तुझ्या भावाला, अवधूतला, आणि नीलाला दाखवायचं नाही. तिने शपथ घेतली. घेताना हसत होती, पण घेतली. सुट्टीत नागपूरला गेली की ही वही ती तुला पोस्टाने धाडणार आहे.

मी इथे कशाला आले ते तुला माहीत आहे, तरी सांगते, कारण तू तू आहेस. तुझ्या वहिनीच्या लग्नाला नऊ वर्षं झाली. दोनदा पोटातच गेलं. आता नीलाला तिसऱ्यांदा दिवस राहिलेत, चौथा महिना लागलाय. तिला आई नाही. मी तिच्या तोंडात चार घास घालायला आले आहे. एवढंच माझं काम. बाकी या घरात मला कुठला नळ कुठे फिरवायचा तेही कळत नाही.

२२ जून, रविवार

अवधूतची नोकरी गेली. सोमवारी गेली, मला आज सांगितलं. आठवडाभर रोज सकाळी शर्ट घालून गाडी काढत होता. कुठे जात होतास विचारलं, तर म्हणाला, "लायब्ररीत बसत होतो, आई." लहानपणी शाळा बुडवून नदीवर बसायचा, तेव्हा निदान पाय तरी ओले करून यायचा.

नीलाचं ऑफिस आहे, घर चालेल. पण तो आता गॅरेजमध्ये जाऊन बसतो. शेजारी डेल म्हणून एक उंच म्हातारा आहे, लोखंडी गेटांना आणि गाडीच्या चाकांना रंग भाजून देतात त्या कारखान्यात कामाला. तो याला बंदूक चालवायला शिकवतोय. आता दोघं मिळून गोळ्याही घरीच करतात. आमचा इंजिनियर.

६ जुलै, रविवार

आज गॅरेजात गेले आणि मला माझा बाप आठवला.

कांचन, तुझे आजोबा ओतारी होते हे तू नाशकात कुणाला सांगत नाहीस, पण मी त्या भट्टीशेजारी वाढले. समया, घंटा, कडी-कोयंडे. धातू केव्हा ओतायचा ते मी वासावरून सांगायची. आज बघते तर हे दोघं शिसं वितळवतायत. टायरच्या दुकानात चाकांना लावायची शिशाची वजनं टाकून देतात, ती बादलीभर आणलीत. पळीने साच्यात ओततात आणि गोळ्या निघतात सगळ्या सुरकुतलेल्या, माझ्या गालासारख्या. डेल मान हलवतोय, अवधूत कॉम्प्युटरवर काहीतरी वाचतोय.

मी म्हटलं, "साचा गार आहे."

अवधूत म्हणाला, "आई, तू लांब राहा, लेड आहे."

"मला नको सांगूस. साच्याचा कोपरा शिशात बुडवून धर म्हणावं त्याला, तापू दे."

त्याने इंग्रजीत सांगितलं. डेलने तसं केलं. पाचवी गोळी निघाली ती आरशासारखी. त्याने टोपी काढली आणि मला मॅम म्हणाला. या देशात मला कुणीतरी विचारावं असं पहिल्यांदाच झालं, तेही शिशामुळे.

पुढची गंमत ऐक. गोळ्या डब्यात घालायच्या, वर लाल पूड टाकायची, डेलच्या कारखान्यातली, आणि डबा खुळखुळ्यासारखा हलवायचा. पूड गोळीला चिकटते. मग जुन्या टोस्टर ओव्हनमध्ये भाजायच्या. डाळिंबाच्या दाण्यासारख्या लाल होतात. हे का, तर शिसं बंदुकीच्या नळीला लागू नये आणि हातालाही लागू नये. शिशाला अंगरखा. मग ती गोळी पितळेच्या पुंगळीत दारू भरून वर बसवायची. पुंगळ्या नेमबाजीच्या मैदानातून वेचून आणतात, एकदा उडालेल्या. काटकसर करायची तर अशी.

अवधूत काळजी फार घेतो. हातमोजे, तोंडाला फडकं. ओव्हनवर मोठ्या अक्षरात काहीतरी चिकटवलंय, गिरिजा म्हणते 'खाण्यासाठी नाही' असं लिहिलंय. गॅरेजातले कपडे तिथेच उतरवतो, अंघोळ करतो आणि मगच नीलाजवळ जातो. "बाळाला लेड फार वाईट," म्हणतो. मी म्हटलं, आमच्याकडेही शिसं ओतलं त्या दिवशी बाप गूळ खायचा आणि आम्हाला जवळ घ्यायचा नाही. मला कमी शिकव.

२० जुलै, रविवार

नीला काही खात नाही. पोळीच्या वासाने उठून जाते. फक्त आंबट मागते. म्हणून मी माझं पातेलं काढलं.

हो, तेच. तू म्हणालीस, आई, इतकं जड पितळेचं धूड विमानातून कशाला नेतेस. तुझ्या वेळी आणि अवधूतच्या वेळी मी त्यातलंच सार प्यायले. तुझी आजीही त्यातलंच प्यायली. स्टीलमध्ये सार होतं, पण ते नुसतं आंबट पाणी.

पण आतली कल्हई गेलीये. तळाला पितळ पिवळं दिसतंय. त्यात आंबट केलं तर कळकणार, आणि पोटुशीला कळकलेलं द्यायचं म्हणजे विष. कल्हईला लागणारा नवसागर मी नाशकाहून आणलाय. विमानतळावर त्या माणसाने पुडी उघडून हुंगली आणि शिंकला. कथील तेवढं आणलं नाही. वाटलं, अमेरिकेत कथील नसेल होय.

प्लेनोत कल्हईवाला नाही. गिरिजाने कॉम्प्युटरवर शोधलं आणि मलाच विचारलं, कल्हईवाला म्हणजे काय.

२७ जुलै, रविवार

कल्हई केली. मी केली. सत्तरीची बाई गॅरेजात मांडी घालून बसले आणि डेलने गॅसची शेगडी पुढे सरकवली.

डेलच्या खोक्यात करंगळीएवढ्या जाड पांढऱ्या कांड्या होत्या. त्या तो थोड्या थोड्या शिशात घालतो, म्हणजे साचा नीट भरतो. माझा बापही त्यासाठी कथील घालायचा. मी कांडी उचलली आणि अवधूतला विचारलं, "हे कथील का रे?" तो नोकरीचा अर्ज भरत होता. वर न बघता म्हणाला, "कथील म्हणजे टिन ना? हो, डेल टिन घालतो त्यात."

पण मी त्याच्यावर सोडलं नाही. बापाने शिकवलंय. कथील कानाशी धरून वाकवायचं, ते करकरतं, बर्फावर पाय पडल्यासारखं. शिसं मुकं असतं. मी कांडी उजव्या कानाशी धरली, वाकवली. आवाज आला. उजवा कान जरा मंद आहे, पण आला. डाव्याला धरायला हवी होती, तर डाव्या बाजूला शेगडी भसभसत होती.

पातेलं तापवलं, नवसागर टाकला, पांढरा धूर झाला, डेल खोकत बाहेर पळाला. कापसाच्या बोळ्याने कथील फिरवलं. पातेलं आतून चांदीचं झालं. नीला दारातून बघत होती. म्हणाली, "आई, तुम्ही हे कधी शिकलात?" तिच्या तोंडावर हसू बघून मला बरं वाटलं. उरलेली कांडी रुमालात बांधून कपाटात ठेवली. पुन्हा लागेल.

संध्याकाळी आमसुलाचं सार केलं. दोन वाट्या प्यायली. ओकली नाही.

१५ ऑगस्ट, शुक्रवार

नीला रोज सार पिते. सकाळी एक वाटी, ऑफिसातून आली की एक. एक दिवस आमसुलाचं, एक दिवस चिंचेचं, टोमॅटोचं. मी सकाळी करून पातेल्यातच ठेवते, मुरलं की चव येते. अवधूतही पितो, मीही पिते. गिरिजा नागपूरची, तिला आंबट चालत नाही, तोंड वाकडं करते. (लिही, लिही. खरं तेच सांगतेय.)

तू पाठवलेली आमसुलं संपत आली. चिंचही पाठव म्हटलं होतं. विसरलीस.

३ सप्टेंबर, बुधवार

गणपती बसवला. शाडूचा नाही, अवधूतने पिठाचा केला, सोंड गळून पडली. दोनदा चिकटवली.

त्याचं लक्ष नसतं. मंगळवारी फोनवर मुलाखत होती, विसरला. "आई, माझ्या डोक्यातून पार गेलं." मग तासभर भिंतीकडे बघत बसला. नोकरी गेलेल्या माणसाचं डोकं ठिकाणावर नसतं. नीलाच्या पोटात कळा येतात, डॉक्टर म्हणते शौचाला होत नाही म्हणून. माझ्याही हातातून काल चमचा पडला, आज वाटी. घरात तिघं, एकही धड नाही. मी नीलाला म्हटलं, पोटातलं पोरच आता आपल्याला सांभाळणार.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

नीलाचं रक्त फिकट आहे. डॉक्टरीणबाईने फॉर्म वाचला, त्यात नवऱ्याचा छंद विचारला होता. नीलाने खरं लिहिलं. मग रक्तातलं शिसं तपासलं. अडतीस निघालं.

अडतीस म्हणजे किती, मी विचारलं. अवधूत म्हणाला, "पाचसुद्धा नको असतं, आई." बाळाच्या अंगात जातं. डोक्यात जातं. डॉक्टरीणबाई म्हणाली, जिथून येतंय ते आजच्या आज थांबवा.

नीला जिन्यावर बसली आणि म्हणाली, "दोनदा गेलं तेव्हा कारण कळलं नव्हतं. आता कारण घरात होतं."

अवधूतने गॅरेजचं आतलं दार टेपने बंद केलं. गालिचे धुतले, कपडे फेकले, गाडी धुतली. मी त्याला खूप बोलले. एवढा शिकलास आणि घरात विष आणलंस, तुझ्यापेक्षा माझा अडाणी बाप बरा. तो ऐकून घेत होता. मग मी नीलाला सार गरम करून दिलं. घशाखाली तेवढंच उतरतं तिच्या.

१२ ऑक्टोबर, रविवार

सेहेचाळीस.

गॅरेज तीन आठवडे बंद आहे आणि आकडा वाढलाय. अवधूत म्हणतो, हाडात साठलेलं बाहेर येत असेल. डॉक्टरीणबाई म्हणते, एवढं नाही. नीला त्याच्याशी बोलत नाही. तिला वाटतं तो अजून चोरून डेलकडे जातो. मलाही वाटलं. काल त्याचे बूट उचलून हुंगले.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

सरकारी आरोग्य खात्याची बाई आली. घर तपासायला. गिरिजा मध्ये बसून माझं तिला आणि तिचं मला सांगत होती. कुंकू मागितलं, दिलं. काजळ, हळद, वैद्याची पुडी, सगळं पिशवीत घातलं, त्यातही शिसं निघतं म्हणे. मी म्हटलं, मंगळसूत्र पण ने. गिरिजाने ते सांगितलं नाही वाटतं, बाई हसली नाही. भिंतीचा रंग खरवडला. मातीची भांडी आहेत का, रंगवलेली, विचारलं. नाहीत म्हटलं. कपाटातल्या ताटल्या एक एक बघितल्या.

पातेलं शेगडीवर होतं, सार उकळत होतं, म्हणून झाकण काढून नुसतं दाखवलं. बाई वाकली, वास घेतला, छान आहे म्हणाली. मी वाटी भरून दिली. ड्यूटीवर काही घेत नाही म्हणाली. शहाणी.

२६ ऑक्टोबर, रविवार

डेल त्याचं सामान न्यायला आला. अवधूतने टेप काढली आणि बाहेर जाऊन उभा राहिला. गिरिजा खोकी उचलू लागली. डेलने कांड्या मोजल्या, एक कमी. त्याने गिरिजाला विचारलं. मी म्हटलं, माझ्याकडे आहे, कल्हईची, देते. कपाटातून रुमाल आणला.

डेल कांडीकडे बघत राहिला. मग माझ्याकडे. मग काहीतरी विचारलं.

"काय म्हणतोय?"

"विचारतोय, ही कुठे वापरली."

"त्याच्यासमोरच वापरली की. धुरात पळाला होता. पातेल्याला लावली."

"आजी, त्याला वाटलं होतं पातेलं शोभेचं आहे. देवापुढे ठेवायचं. तो म्हणतोय हे टिन नाही, सोल्डर आहे. डाग देऊन सांधे जोडायचं. अर्धं टिन आणि अर्धं शिसं."

मी म्हटलं, त्याला काय कळतंय. मी कांडी गिरिजाच्या कानाशी धरली. तिचे कान बाविशीचे आहेत. वाकवली.

"ऐकू आलं?"

"नाही, आजी."

"नीट ऐक." दुसऱ्या बाजूने वाकवली. गॅरेजात शेगडी नव्हती, पंखा नव्हता, कुणी बोलत नव्हतं.

"काहीच नाही, आजी."

तेव्हा जुलैत मी काय ऐकलं होतं? मला ऐकायचं होतं ते ऐकलं. सार करायचं होतं.

२८ ऑक्टोबर, मंगळवार

आज दिवाळी. गिरिजा लिहायला तयार नव्हती. मी म्हटलं, शपथ दाखवायची नाही अशी घेतलीस, लिहायची नाही अशी नाही.

दोन दिवस मी कुणाला सांगितलं नाही. हे लिही. पातेलं पिशवीत घालून पलंगाखाली सरकवलं, नीलाला म्हटलं आमसुलं संपली. डेलला गिरिजाने गप्प राहायला सांगितलं, मीच सांगायला लावलं. मनात म्हटलं, आता सार बंद, आकडा उतरेल, कुणाला का कळावं. अवधूतवर आळ आहे तो राहू दे, तो पोरगा आहे, माझ्यापेक्षा जास्त वर्षं आहेत त्याच्याकडे ते पुसायला. असं मी माझ्या पोराबद्दल म्हटलं.

आज सकाळी नीला स्वयंपाकघरात आली आणि म्हणाली, "आई, टोमॅटोचं तरी कराल का? मला या घरात फक्त तुमच्या हातचं खावंसं वाटतं." शेजारी अवधूत उभा होता, हातात पणती, तिने त्याच्याकडे बघितलंही नाही.

मग मी सांगितलं. उभ्या उभ्या सांगितलं. कांडी, कान, पातेलं, पलंगाखालची पिशवी, दोन दिवस. अवधूतने पणती खाली ठेवली.

नीला म्हणाली, "रोज दोन वाट्या." मग बोटांवर महिने मोजले. एवढंच. ओट्यावरची तिची वाटी उचलून तिने कचऱ्यात टाकली. ती स्टीलची होती बिचारी.

अवधूत म्हणाला, "मीच टिन म्हटलं होतं. मी बघितलंच नाही." मी म्हटलं, तू गोळ्यांना अंगरखा घातलास, मी पातेल्याला आतून शिसं नेसवलं. आपण दोघं मिळून एक शहाणा माणूस होत नाही.

त्याला हसू आलं नाही. मलाही नाही.

८ नोव्हेंबर, शनिवार

गुरुवारी मुलगी झाली. सहा आठवडे आधी. काचेच्या पेटीत आहे, माझ्या दोन तळहातांवर मावेल एवढी. मावेल असं दिसतं. हातात घेतलेली नाही.

तिच्याही रक्तात आकडा आहे. अवधूतने सांगितला, मी परत विचारला नाही. अवधूतला मी डॉक्टरांना विचारायला लावलं, पुढे काय होईल. डॉक्टर म्हणाले, आत्ता कळणार नाही. बसायला लागेल, बोलायला लागेल, शाळेत जाईल, तेव्हा हळूहळू कळेल. म्हणजे प्रत्येक शब्दाला हे दोघं कान लावून बसणार, उशीर झाला का, चुकला का. मी इथे असेन तर मीही. एका कानाने.

३० नोव्हेंबर, रविवार

मुलगी अजून दवाखान्यातच आहे, शिसं उतरायचं औषध चालू आहे. नीला घरी आली. तिचा आकडा उतरेपर्यंत बाळाला अंगावर पाजायचं नाही असं सांगितलंय. ती दर तीन तासांनी मशीनने दूध काढते आणि सिंकमध्ये ओतते. दार उघडं ठेवते. मी ते ऐकावं म्हणून नसेल. पण ऐकू येतं, दोन्ही कानांनी.

अवधूत खिचडी करतो. नव्या कुकरमध्ये, करपवतो. नीला तीच खाते. मला ताट वाढून देतात, पाणी देतात, औषध वेळेवर देतात, माझंही रक्त तपासलं. कुणी वाईट बोलत नाही. स्वयंपाकघरात मी गेले की नीला तिथून जाते, एवढंच. बाळंतिणीच्या घरात डिंकाचा वास नाही, बाळंतशेपा नाहीत, काही नाही. ज्या एका कामाला मी आले ते आता माझ्याकडून कुणाला नको आहे. परत येते म्हटलं तर अवधूत म्हणतो, "आत्ता नको जाऊ, आई," आणि पुढचं काही सांगत नाही. व्हिसाची मुदत वाढवायला कागद पाठवलेत.

पातेलं ती सरकारी बाई घेऊन गेली. हातमोजे घालून नेलं.

गिरिजाची परीक्षा संपली की ती तेरा तारखेला नागपूरला निघणार. ही वही मिळेल तेव्हा तू रडशील, रड, पण मग चष्मा पुसून हे शेवटचं नीट वाच. गिरिजा जानेवारीत परत येते, तिच्यासोबत डिंकाचे लाडू पाठव. डिंक तुपात फुलवून तळ, खारीक घाल, मेथी अगदी कमी, नीलाला कडू चालत नाही. सगळं स्टीलच्या कढईत कर, पितळेचं घरात असेल त्याला हात लावू नकोस. आमसूल नको, चिंच नको, आंबट काही पाठवू नकोस. डबा नवा घे. आणि डब्यावर तुझं नाव घाल, मोठ्या अक्षरात, कांचनने केले असं लिही. विसरू नकोस. मला वाचता येत नाही, पण नीलाला येतं. त्याशिवाय ती खाणार नाही.